घरच्या सज्ज्यांतील व्यायामशाळा : थिओडोर रूझवेल्ट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेलें असतें; परंतु पुष्कळ वेळां त्यांची व दुसऱ्या महायुद्धाच्या काळचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गल्लत होते. दोघे एकाच घराण्याच्या दोन दूरच्या शाखांतले. थिओडोर हे वयानें वडील. फ्रँकलिन यांच्या पत्नी एलिनॉर या थिओडोर यांच्या धाकट्या भावाच्या कन्या. शिकार, घोडदौड, लढाई व अरण्यांतील प्रवास यांमुळें थिओडोर यांचें जें चित्र लोकांच्या मनांत ठसलें आहे, तें एका भरदार, रुंद छातीच्या व मोठ्यानें हंसणाऱ्या पुरुषाचें आहे. तें चित्र खोटें नाहीं. पण ती छाती जन्मतः मिळालेली नव्हती. न्यूयॉर्कमधील एका घराच्या मागच्या सज्ज्यांत, आडव्या दांड्यांवर, कित्येक वर्षें खपून ती मिळविलेली होती. या सज्ज्याची हकीकत चरित्रकार बहुधा चार ओळींत आटोपतात. येथें ती थोडी सविस्तर सांगण्याचा विचार आहे. कारण आमच्या मुलांच्या घरीं दुसरें कांहीं असो वा नसो, एक दांडी बसविण्यापुरती जागा बहुतेक ठिकाणीं निघते.

थिओडोरचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजीं न्यूयॉर्क शहरांत, विसाव्या रस्त्याच्या पूर्व भागांतील २८ नंबरच्या घरीं झाला. घराणें मूळचें हॉलंडमधून आलेलें, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारांत मुरलेलें व सुखवस्तु. आई मार्था दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानांतली. चार भावंडांत अॅना थोरली, तिच्या पाठचा थिओडोर, मग एलियट आणि सर्वांत धाकटी कोरिन. घरांत थिओडोरला टीडी म्हणत. पैशाला तोटा नव्हता, पण प्रकृतीचें सुख बेताचें होतें. अॅनाच्या पाठीच्या कण्यास लहानपणींच विकार जडला होता, आणि टीडीला तर अगदीं बालवयापासून दम्यानें पछाडलें होतें.

दम्याचा झटका ज्यांनीं आपल्या घरांत पाहिला आहे, त्यांस त्याचें वर्णन नको. मूल मध्यरात्रीं घाबरून उठून बसतें. छाती भात्यासारखी वरखालीं होते, पण श्वास पुरत नाहीं. आणि आईबापांना जवळ बसून पाहण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं. त्या काळीं आजच्यासारखें तोंडावाटे आंत ओढून घ्यावयाचें औषध नव्हतें. कडक काळी कॉफी पाजावी, इतकेंच नव्हे तर मुलाला सिगार ओढावयास लावावा, असले उपाय तेव्हां प्रचारांत होते, व ते या बालकावर झालेहि. आजचा डॉक्टर तें ऐकून कपाळाला हात लावील. मुलाला खरा आधार होता तो वडिलांचा. ते त्याला उचलून घेऊन रात्रीं खोलींत येरझारा घालीत. कधीं घोडे जोडून, त्याला पांघरुणांत गुंडाळून, मोकळी हवा लागावी म्हणून निजलेल्या शहराच्या रस्त्यांतून गाडी हांकीत. अशा रात्रीं किती गेल्या असतील त्याची गणती कोणीं ठेवली नाहीं.

या वडिलांविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्यांचेंहि नांव थिओडोरच. ते देवभीरु, कडक शिस्तीचे, पण अंतःकरणानें कोमल असे गृहस्थ होते. न्यूयॉर्कमध्यें रस्त्यावर वर्तमानपत्रें विकून पोट भरणारीं शेंकडों अनाथ मुलें असत. त्यांच्यासाठीं चालविलेल्या वसतिगृहांत हे श्रीमंत व्यापारी रविवारीं संध्याकाळीं नेमानें जात व त्या मुलांशीं नांवानिशीं बोलत. सृष्टिविज्ञानाचें मोठें संग्रहालय १८६९ सालीं त्या शहरांत स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांत ते होते. हाडांच्या व कण्याच्या विकारांवर उपचार करणारें रुग्णालय काढण्यासहि त्यांनीं हातभार लावला. त्यांत अॅनाच्या दुखण्याचा वांटा असलाच पाहिजे. एक गोष्ट मात्र त्यांच्या मुलाला जन्मभर सलत राहिली असें चरित्रकार मानतात. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत ते स्वतः लढले नाहींत; पत्नीचे भाऊ विरुद्ध पक्षाकडून लढत होते, म्हणून त्यांनीं त्या काळच्या कायद्याप्रमाणें पैसे देऊन आपल्या जागीं बदली मनुष्य पाठविला. पुढें थिओडोर रणांगणाकडे ज्या उतावीळपणानें धांवला, त्याचें मूळ कांहीं अंशीं येथें असावें.

टीडी बुद्धीनें तल्लख होता. बाजारांत मांडलेलें सीलचें मस्तक पाहून त्याला प्राणिशास्त्राचें वेड लागलें. घरांतच त्यानें स्वतःचें छोटें संग्रहालय थाटलें, आणि उंदीर, बेडूक व पक्षी यांच्या वासानें नोकरचाकर हैराण झाले. पुस्तकें तर तो अक्षरशः खाऊन टाकी. पण काठीसारखे हात, आंत गेलेली छाती व वारंवार येणारे झटके यांमुळें त्याला शाळेंत पाठवितां येईना. बहुतेक शिक्षण घरींच होई. १८७० सालीं, मुलगा बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास, वडिलांनीं त्याला जवळ बोलावून स्पष्ट सांगितलें कीं, तुझी बुद्धि चांगली आहे, पण शरीराच्या मदतीवांचून ती जेथवर जावयास पाहिजे तेथवर जाणार नाहीं. शरीर तुझें तुलाच घडवावें लागेल, आणि तें काम कंटाळवाणें आहे. मुलानें तें करण्याचें कबूल केलें. ही हकीकत आईनें पुढें सांगितली आहे. या प्रसंगीं मुलाच्या निश्चयाची वाखाणणी सर्वच करतात. मला मात्र वडिलांच्या शेवटच्या सूचनेचें अधिक कौतुक वाटतें. व्यायाम म्हणजे मौज आहे असें सांगून त्यांनीं मुलाला भुलविलें नाहीं.

प्रथम वुड नांवाच्या गृहस्थाच्या व्यायामशाळेंत त्याला घालण्यांत आलें. आई रोज बरोबर जाई व मुलगा वजनें ओढीत असतां बाजूला बसून राही. पण दम्याच्या मुलाला रोज घराबाहेर नेणें सोपें नव्हे. तेव्हां वडिलांनीं घराच्या मागील बाजूस वरच्या मजल्यावर असलेला उघडा सज्जाच व्यायामासाठीं सजविला. त्यांत आडव्या दांड्या आल्या, झोपाळे आले, इतर साधनें आलीं. मागें शेजारच्या श्रीमंतांची बाग होती, त्यामुळें हवा मोकळी. इतर भावंडेंहि तेथें खेळत; पण त्यांना तो खेळ होता, टीडीला तो रोजचा पाठ होता.

आडवी दांडी ही त्या वेळीं अमेरिकेंत तशी नवीनच. बर्लिनजवळच्या हाझनहाइड येथील मोकळ्या मैदानावर फ्रीड्रिश लुडविग यान या जर्मन शिक्षकानें १८११ सालीं आखाडा काढला, आणि आडव्या व समांतर दांड्यांचे प्रकार तेथून पसरले. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमींत देश सोडलेल्या जर्मनांनीं ते अमेरिकेंत नेले व शहरोशहरीं व्यायाममंडळें काढलीं. आमच्याकडील तालमींत मल्लखांबाशेजारीं पुढें सिंगल बार व डबल बार उभे राहिले, ते याच घराण्यांतले.

या सज्ज्यांत काय चाले याची साक्ष धाकट्या बहिणीनें दिली आहे. कोरिननें १९२१ सालीं भावाच्या आठवणींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. कित्येक वर्षें आपल्या डोळ्यांपुढें असलेलें दृश्य म्हणून ती जें सांगते, त्यांत शौर्य मुळींच नाहीं: दांड्यांच्या मध्यें लोंबकळणारा, एकच हालचाल पुनःपुन्हा करून छाती रुंदावूं पाहणारा एक अशक्त मुलगा. अनेक महिने या कष्टांचें फळ दिसण्याजोगें नव्हतें. दांडीला लटकलेल्या मुलाला स्वतःचें सगळें वजन दोन हातांवर पेलावयाचें असतें. तेथें कोणाची मदत चालत नाहीं व फसवाफसवीहि चालत नाहीं. हनुवटी दांडीच्या वर आली किंवा आली नाहीं, एवढेंच.

येथें पालकांसाठीं थोडें विषयांतर करतों. रूझवेल्टांसारखा सज्जा आपल्यापैकीं फारच थोड्यांकडे असेल. पण दांडीला सज्जा लागत नाहीं. ओटीवरील दोन भक्कम खांब, किंवा बोळाच्या समोरासमोरच्या दोन पक्क्या भिंती असल्या म्हणजे पुरे. नळकामाचा जाड लोखंडी पाइप चालतो. तो मुलाच्या मुठींत नीट मावेल एवढाच असावा. स्पर्धेंत वापरतात त्या दांडीचा व्यास २८ मिलिमीटर असतो, त्यावरून अंदाज घ्यावा. मुलगा हात ताणून लटकला असतां पाय जमिनीपासून वीतभरच सुटावेत, म्हणजे हात निसटला तरी दुखापत होत नाहीं. दाराच्या जुन्या चौकटीला खिळे ठोकून बसविलेली दांडी मीं अनेक घरीं पाहिली आहे. तिच्यावर विश्वास ठेवूं नये, कारण खिळा ओढीखालीं हळूहळू सैल होतो व एके दिवशीं सूचना न देतां सुटतो. पाइपाचीं टोकें भिंतींत खोल खोबण करून सिमेंटांत बसवावींत, किंवा खांबांना आरपार बोल्ट घालून कसावींत, आणि मुलाच्या आधीं घरांतील सर्वांत जड माणसानें तिला लटकून पाहावें. पाइप गोल फिरत असेल तर तो पक्का झाल्याखेरीज वापरूं नये. आरंभीं मुलाला वर चढतां येणार नाहीं. त्यानें नुसतें लटकावें. मग पाटावर उभें राहून वर जावें व सावकाश खालीं यावें. तळवे आपल्याकडे वळवून धरले तर काम थोडें सोपें पडतें. मुलाला दमा असेल तर डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा, व औषध बंद करूं नये. दांडी हें दम्याचें औषध नव्हे.

थिओडोरच्या बाबतींतहि तें नव्हतें. झटके कमी होत गेले हें खरें. पण ते सर्वस्वी गेले असें मानणें चूक आहे, मोठेपणींहि त्याला त्रास झालेला आहे. आणि शक्तीचें म्हणाल तर जवळजवळ दोन वर्षें दांडीवर घालविल्यानंतर त्याची जी फजिती झाली, ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८७२ च्या उन्हाळ्यांत, दम्याचा झटका येऊन गेल्यावर, हवापालटासाठीं त्याला मेन संस्थानांतील मूझहेड सरोवराकडे एकट्यालाच पाठविलें होतें. टपालगाडींत त्याच्याच वयाचीं दोन मुलें भेटलीं व त्यांनीं त्याची टवाळी आरंभिली. हा चिडून अंगावर गेला, तेव्हां असें आढळून आलें कीं त्यांपैकीं कोणीहि एकटा याला सहज आवरूं शकतो. आणि तीं त्याला फारसें न मारतां नुसतें धरून ठेवीत, याचा अपमान अधिक. दोन वर्षांच्या घामाचें हें फळ पाहून दुसरा एखादा मुलगा सज्ज्याकडे पाठ फिरविता. यानें घरीं येऊन वडिलांच्या संमतीनें जॉन लाँग या जुन्या मुष्टियोद्ध्याकडे मुष्टियुद्धाचे धडे सुरू केले. तेथेंहि तो अतिशय मंदगतीनें शिकला. पुष्कळ दिवसांनीं लाँगनें आपल्या शिष्यांचे सामने ठेवले, त्यांत हलक्या वजनाच्या गटांत त्याला कथलाचा एक पेला बक्षीस मिळाला. पेल्याची किंमत कांहीं आण्यांची. पण पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला हा गृहस्थ त्या पेल्याची आठवण आत्मचरित्रांत मोठ्या प्रेमानें काढतो.

त्याच सुमारास आणखी एक शोध लागला. पहिली बंदूक हातीं आली तेव्हां इतर मुलांना दिसणारें सावज याला दिसतच नसे. चष्मा लागला, आणि जग इतकें सुंदर आहे हें त्याला प्रथमच कळलें. आपला मुलगा वेंधळा आहे अशी तक्रार घेऊन जे पालक आम्हांकडे येतात, त्यांनीं आधीं त्याचे डोळे तपासून घ्यावेत असें सुचवावेंसें वाटतें.

१८७२-७३ मध्यें सर्व कुटुंब ईजिप्त व युरोपच्या प्रवासास गेलें. परत आल्यावर सत्तावन्नाव्या रस्त्यावरील नव्या घरांत बिऱ्हाड झालें. तेथें सर्वांत वरच्या मजल्यावर वडिलांनीं पुन्हा व्यायामशाळा केली. सतराव्या वर्षीं थिओडोरनें आपलीं मापें वहींत टिपून ठेवलीं आहेत: उंची ५ फूट ८ इंच, वजन १२४ पौंड, छाती ३४ इंच. हीं मापें भीमाचीं नव्हेत. आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलें त्याच्या बरोबरीचीं निघतील. पांच वर्षांच्या अखंड श्रमांनीं तो बलाढ्य झाला नव्हता. तो साधारण निरोगी मुलगा झाला होता, आणि ज्या घरांत त्याचे श्वास मोजीत रात्रीं काढल्या होत्या, तेथें ही कमाई लहान नव्हती.

१८७६ सालीं तो हार्वर्ड विद्यापीठांत दाखल झाला. तेथें असतां तो शब्बाथशाळेंत शिकवीत असे. एके रविवारीं एक मुलगा डोळा काळानिळा करून आला. चौकशींत कळलें कीं, बहिणीला चिमटे काढणाऱ्या एका मोठ्या मुलाशीं तो लढला होता. थिओडोरनें त्याला शाबासकी म्हणून एक डॉलर दिला. मंडळीच्या वडिलांना हें रुचलें नाहीं; पुढें तो त्यांच्या पंथाचा नाहीं या कारणास्तव तें काम त्याला सोडावें लागलें, तेव्हां तो दुसऱ्या मंडळीच्या शाळेंत शिकवूं लागला. डॉलर देणें योग्य होतें कीं नाहीं याविषयीं आमच्या शिक्षकवर्गांतहि एकमत होणार नाहीं.

९ फेब्रुवारी १८७८ रोजीं वडील पोटाच्या कर्करोगानें वारले. वय अवघें ४६. थिओडोर मरणसमयीं पोंचूं शकला नाहीं. ज्यांनीं दांड्या बसविल्या ते गेले. दांडीवरची मेहनत मात्र सुटली नाहीं. १८७९ सालीं विद्यापीठांतील मुष्टियुद्धाच्या अंतिम सामन्यांत तो हरला, आणि १८८० सालीं, पदवीच्या तोंडावर, डॉक्टर डडली सार्जंट यांनीं त्याला तपासून सांगितलें कीं, तुझें हृदय कमजोर आहे. जिनासुद्धां जलद चढूं नको, बैठें काम पत्कर. हे सार्जंट म्हणजे कोणी व्यायामाचे शत्रु नव्हत. तरुणपणीं सर्कशींत दांड्यांवर कसरती केलेले व हार्वर्डच्या व्यायामशाळेचे प्रमुख होते. त्यांचा सल्ला थिओडोरनें मानला नाहीं, व ही गोष्ट वर्षानुवर्षें कोणास सांगितलीहि नाहीं. दुसऱ्याच वर्षीं तो आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न शिखर चढून आला. हा धडा मात्र आमच्या विद्यार्थ्यांनीं गिरवूं नये. डॉक्टरांचें न ऐकून जगलेल्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात; जे जगले नाहींत त्यांचीं लिहिलीं जात नाहींत.

पुढील आयुष्य जगजाहीर आहे, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. १४ फेब्रुवारी १८८४ रोजीं एकाच दिवशीं, एकाच घरांत, त्यांची आई व तरुण पत्नी अॅलिस या दोघीहि मरण पावल्या; पदरांत दोन दिवसांची मुलगी. त्या दुःखांत ते पश्चिमेकडील डाकोटाच्या ओसाड मुलुखांत गुरें राखावयास गेले. १८९८ च्या क्यूबांतील लढाईंत त्यांनीं स्वयंसेवकांची घोडेस्वार पलटण नेली. १९०१ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाला व उपाध्यक्ष असलेले रूझवेल्ट वयाच्या ४२ व्या वर्षीं अध्यक्ष झाले. इतक्या लहान वयांत तें पद दुसऱ्या कोणास मिळालेलें नाहीं. रशिया व जपान यांच्यामध्यें तह घडवून आणल्याबद्दल १९०६ सालीं त्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. सुमारें २३ कोटी एकर जमीन त्यांनीं जंगलें, वनचरें व पक्षी यांसाठीं राखून ठेवविली. त्यांचीं सर्वच मतें आम्हां हिंदी लोकांस मान्य होण्याजोगीं नाहींत. जानेवारी १९०९ मध्यें एका ख्रिस्ती सभेंत त्यांनीं हिंदुस्थानांतील इंग्रजी राज्याची मुक्तकंठानें स्तुति केली, ती वाचतांना आजहि वाईट वाटतें. बलवान मनुष्य बलवानांचीच बाजू लवकर घेतो, असा दोष त्यांच्यांत होता.

अध्यक्षपदावर असतांहि ते मुष्टियुद्ध खेळत. एका तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या ठोशानें त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टि अधू झाली, पण आत्मचरित्रांत त्यांनीं त्या तरुणाचें नांव दिलें नाहीं. सेनेंतील सुस्त अधिकाऱ्यांनीं तीन दिवसांत नव्वद मैल घोड्यावरून जाऊन दाखवावें असा हुकूम त्यांनीं काढला; कुरकुर ऐकूं आली, तेव्हां १३ जानेवारी १९०९ रोजीं पन्नास वर्षांच्या या गृहस्थानें कडाक्याच्या थंडींत सुमारें ९८ मैल एकाच दिवसांत घोडदौड केली.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजीं मिलवॉकी येथें निवडणुकीच्या सभेस निघाले असतां एकानें त्यांच्या छातींत गोळी झाडली. खिशांतील भाषणाच्या जाड घडीनें व चष्म्याच्या धातूच्या घरानें तिचा वेग कमी झाला. गोळी बरगडीपाशीं अडकली, फुप्फुसांत गेली नाहीं, व मरेपर्यंत तेथेंच राहिली. रक्त येत असतां त्यांनीं तासाहून अधिक भाषण केलें आणि मग ते रुग्णालयांत गेले. सज्ज्यांत कमाविलेल्या छातीनें त्यांना वांचविलें असें लिहिण्याचा मोह होतो. पण वांचविलें तें मुख्यतः कागदांनीं. लहानपणीं घशांत न मावणारा श्वास त्या दिवशीं गोळी छातींत असतां पुरला, इतकें मात्र खरें.

१९१४ सालीं ब्राझीलमधील एका अज्ञात नदीच्या शोधांत पायाची जखम व ताप यांनीं ते मरतां मरतां वांचले, आणि तेथून त्यांची प्रकृति खालावली ती पुन्हा सांवरली नाहीं. ६ जानेवारी १९१९ रोजीं पहांटे, न्यूयॉर्कजवळच्या आपल्या घरीं, झोपेंतच त्यांचा अंत झाला. वय साठ.

ज्या घरांत तो सज्जा होता तें १९१६ सालींच पाडून टाकण्यांत आलें होतें. मृत्यूनंतर अमेरिकन स्त्रियांच्या एका मंडळानें ती जागा विकत घेतली. शेजारचें चुलत्यांचें घर याच नमुन्याचें होतें. त्यावरून मोजमापें घेऊन घर पुन्हा बांधलें व १९२३ सालीं तें लोकांस खुलें झालें. कोणत्या खोलींत काय होतें, कोणता पडदा कोणत्या रंगाचा होता, हें अॅना व कोरिन या दोघी बहिणींनीं आठवून आठवून सांगितलें.